जोत्यावरची चूल

बारामती,
शनिवार, ३१ मे १९९७

प्रिय रवी,

जय भीम. पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन करता आला असता, पण मी चिडले की तू फोनवर गप्प बसतोस, मग मीच बोलून बोलून दमते आणि शेवटी "बरं, तब्येत सांभाळ" म्हणून ठेवून देते. शिवाय तांबोळ्यांच्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर उभं राहून मला जे बोलायचंय ते बोलवणार नाही. कागदावर बरं असतं. कागद मधेच "आवाज येत नाही" म्हणत नाही.

इथलं ठीक चाललंय. ऊन असं आहे की लशीच्या डब्यातला बर्फ कोऱ्हाळ्याच्या उपकेंद्रात पोचेपर्यंत निम्मा होतो. तेजश्रीचा दहावीचा निकाल लागायचाय. ती रोज आपले टक्के स्वतःच ठरवते, परवा ऐंशी म्हणाली, काल पासष्टवर आली. ह्यांनी कूलर आणलाय. त्याचा आवाज एवढा की आई म्हणते, "ह्याच्यापरीस गरमी बरी, निदान गप बसती तरी." म्हणजे बघ, जीभ अजून तशीच आहे. डोळे मात्र नाहीत. डावा गेलाच. उजव्यानं समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. बाजूला ठेवलेला तांब्या हातानं चाचपत शोधते आणि वर मलाच म्हणते, वस्तू जागच्या जागी ठेवत जा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, सिस्टर, थेंब घालत राहा, पण पुढच्या उन्हाळ्याचं मी काही सांगू शकत नाही. हे मी तुला पाडव्याच्या सुमारास कळवलं होतं. तू "अरेरे" म्हणालास.

आईनं डॉक्टरला काहीच विचारलं नाही. घरी आल्यावर मला विचारलं, "औंदा तरी जुन्या घराचं जोतं पाण्यातनं उघडं पडंल का गं? एकदा बघू दे, मग डोळं जायचं तिकडं जाऊं देत." तेव्हापासून तिचं हे एकच चाललंय. सकाळी चहा घेताना, रात्री पाय चेपताना. रवीचा फोन आला का? पाणी कुठवर आलंय म्हणाला? आणि मी काय सांगायचं, तर तू जे सांगितलंस ते.

परवा दुपारी झोप येईना म्हणून पडल्या पडल्या पाण्यावरचं घर डोळ्यासमोर आणत होते. आपण सगळे त्याला पाण्यावरचं घर म्हणायचो. जसं काही आबांनी बंगलाच बांधला होता. तीन खोल्या, वर पत्रे, पुढं लांबलचक ओसरी. पण काय जागा शोधली होती रे त्या माणसानं! रेल्वेत गँगमन म्हणून आयुष्यभर खडी फोडली, आणि धरणानं गाव गिळल्यावर डाळजच्या पुढं माळावर अशा नेमक्या ठिकाणी घर उभं केलं की ओसरीत बसलं की समोर सगळं पाणीच पाणी, आणि त्या पाण्याखाली बरोबर समोर आपली जुनी वस्ती. पाहुणा आला की आबा चहाची बशी हातात धरून बोट दाखवायचे, "त्या तितं, बगळा बसलाय न्हवं, तितं आमचं घर." पाहुण्याला नुसतं पाणी दिसायचं. तो मान डोलवायचा आणि दुसरी बशी मागायचा.

मे महिन्याचे शेवटचे आठ-दहा दिवस आठवतात तुला? शाळा उघडायला आल्या असायच्या, वह्यांना कव्हरं घालायची राहिलेली असायची, तरी सगळे तिथंच. मुंबईची आत्या, दौंडचे काका, माझी तेजश्री, तुझा विकी, सगळी पोरं ओसरीत ओळीनं झोपलेली. रात्री पत्रा थंड होताना कडकड वाजायचा आणि विकी दर वेळी उठून विचारायचा, कोण आलं. सकाळी अय्युबभाई होडी काठाला लावून चिलापीची पाटी घेऊन यायचे, रशीदाभाभी मागून मीठ-मसाल्याची पुडी घेऊन. कारण तिचं म्हणणं, आपल्या घरात मासा शिजवतात पण मसाला वाटतात तो लग्नातल्या भाजीचा. त्यावरून तिचं आणि आईचं दर साली भांडण व्हायचं आणि दर साली तिचाच मसाला पडायचा. आणि सगळ्यांचा एक डोळा पाण्याकडे. उतरलं का? कुठवर उतरलं?

कारण आपलं सगळ्यात शेवटी निघायचं ना. हे मी तेजश्रीला सांगत होते तर तिला खरं वाटेना. पाणी ओसरायला लागलं की आधी देवळाचा कळस, मग देऊळ, मग वरच्या आळीची जोती, चावडी, असं गाव वरून खाली उघडं पडत यायचं. एप्रिलमध्येच पाटलांकडची माणसं आपापल्या जोत्यावर येऊन बसून गेलेली असायची. आपली वस्ती गावानं ठेवली होती खाली, पूर्वेच्या उताराला, नदीच्या तोंडाशी. म्हणून धरण भरलं तेव्हा पहिल्यांदा आपण बुडालो, आणि दर उन्हाळ्यात सगळ्यात शेवटी आपण वर येतो. एखादं साल तर येतच नाही. मृग तोंडावर आलेला असायचा, आज येतंय का उद्या येतंय, आणि मग एके दिवशी चिखलातून दगडाची एक सरळ रेघ दिसायची. आबा ओसरीतून उठून उभे राहायचे. आई मात्र लगेच पदर खोचायची आणि परात शोधायला लागायची.

चिखल वाळून पाय ठरेल असा झाला की सगळी वस्ती निघायची. तीन दगड, तवा, पीठ, जळण डोक्यावर घेऊन. प्रत्येक घर आपल्या जोत्यावर. आई आधी ओल्या गाळानं जोतं सारवायची, मग जिथं तिची चूल होती नेमकी तिथंच तीन दगड मांडायची आणि भाकरी थापायची. एक दिवस, एक जेवण. देव नाही, पूजा नाही, कुणी सांगितलेलं नाही, आपलं आपणच सुरू केलेलं. आणि भिंती नसल्या म्हणून काय झालं! जिथं भिंत होती तिथून उडी मारून आत आलास म्हणून आईनं तुझ्या पाठीत उलथनं हाणलं होतं, "दारातनं ये मुडद्या, दार हाय का न्हाय घराला?" तू एवढा नोकरीला लागलेला बाप्या, पुन्हा बाहेर गेलास आणि जिथं दार होतं तिथून आत आलास. पलीकडच्या जोत्यावरून भागूबाई ओरडायची, "ताईबाई, कालवण वाईच दे गं," आणि आई उठून, तिच्या दाराशी जाऊन, बाहेरून हाक मारून वाटी द्यायची. मधे गुडघाभर उंचीचासुद्धा आडोसा नव्हता. मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

तुला पाण्याच्या ऑफिसात नोकरी लागली त्या दिवशी आबांनी भिगवणला पेढे वाटले. आपलं गाव ज्या पाण्यानं बुडवलं त्या पाण्याची मोजणी आता आपला रवी करणार, म्हणून. मला ते तेव्हाही चमत्कारिक वाटलं होतं, पण त्यांचा आनंद बघून मीही पेढा खाल्ला. तेव्हापासून सगळ्यांना निरोप द्यायचा मान तुझा झाला. पाणी किती, रोज किती उतरतंय, जोतं कधी लागेल, हे तू सांगायचास. तांबोळ्यांकडे फोन यायचा, त्यांचं पोर पळत यायचं, "मावशी, इंदापूरहून निरोप हाय, जोतं उघडं पडलं, या!" की आम्ही त्याच संध्याकाळी बोचकं बांधायचो. वर्तमानपत्रात काय छापलंय, कोण काय बोलतंय, कुणी बघायचं नाही. आपला माणूस पाण्यावर बसलाय, मग दुसऱ्याला कशाला विचारायचं?

आबा गेले आणि वर्षभर आई तिथं एकटी राहिली. मग चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर तू तिला माझ्याकडे आणून सोडलंस, डोळे दाखवायला, महिनाभरासाठी. महिन्याचे दोन झाले. तू म्हणालास, पत्रे बदलायचेत, घर गळतंय, एकटीनं कशाला राहायचं तिथं. पटण्यासारखंच होतं. पुढचा उन्हाळा आला, आईनं पीठ दळून ठेवलं, आणि तुझा फोन आला की औंदा पाणी उतरलंच नाही. गेल्या साली तेच. आई दोन्ही वेळा म्हणाली, "आसूंदे, पाण्याफुडं रवी तरी काय करणार." वर तुझीच काळजी करत बसली, उन्हातानात हिंडावं लागत असेल म्हणून. आणि यंदा, डोळ्यांचं एवढं कळवूनही, मेच्या पहिल्याच आठवड्यात तुझं कार्ड आलं: पाणी बरंच आहे, यंदाही जोतं लागेल असं दिसत नाही, आईला समजावून सांग. मी समजावलं, रवी. रोज सुई टोचताना पोरांना "दुखणार नाही" म्हणून सांगते, तशा सवयीनं समजावलं.

मग रशीदाभाभी आली. तिच्या रुक्सारला बारामतीत दिलंय, तिच्याकडे आली होती, म्हणून ताईबाईंना भेटायला. आई नेमकी आंघोळीला बसली होती. भाभी दारातच मला म्हणाली, "करुणाबाय, तुमी लोकं येत का न्हाई हो आता? जोतं तर पंधरा दिसं झालं उघडं हाय. मागच्या सालीबी व्हतं, त्याच्या आधीबी व्हतं." मी म्हटलं, भाभी, तुमचा काहीतरी घोळ होतोय, रवी म्हणतो पाणी उतरलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मग ती जमिनीकडे बघायला लागली. मला म्हणाली, "एकदा येऊन जावा. आईंला आणू नका." एवढं बोलली आणि आई आंघोळ करून बाहेर आल्यावर तासभर नुसतं मसाल्यावरून भांडत बसली.

गेल्या रविवारी मी गेले. घरी सांगितलं, भिगवणला शिबिर आहे. हायवेला उतरले आणि माळावरची वाट धरली, आणि रवी, मला वाटलं मी वाट चुकले. तारेचं कुंपण. लोखंडी फाटक. आत हिरवं गवत लावलेलं, त्यावर नळीनं पाणी सोडलेलं. घर नाही. भिंत नाही, ओसरी नाही, मोडतोड झालेलं काहीतरी असतं ना, तेही नाही. फाटकावरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, पुण्याच्या साहेबांचं आहे, दोन वर्षं झाली, आत जायची परवानगी नाही. मी म्हटलं, मी बघतच नाहीये आत, मी पाण्याकडे बघतेय. तो म्हणाला, ते तिकडून लांबून बघा.

लांबून बघायला वळले तर हिंदुराव भेटले. हो, पाटलांकडचे. गाळात कलिंगडं लावलीत त्यांनी. मला ओळखलं, पाणी पाजलं, आणि आपण होऊन सांगायला लागले. तुझ्या भावानं उभं राहून घर पाडून घेतलं म्हणाले. चौकट तेवढी चांगली होती, मागितली तर "न्या" म्हणाला. चौकट कुठली, तुला सांगायला नको. गाव बुडायच्या आधी लोकांनी भांडी नेली, गुरं नेली. आबांनी बाभळीची ती दाराची चौकट उपटून खांद्यावरून माळावर नेली होती, आणि नवं घर तिच्याभोवती बांधलं. ती आता हिंदुरावांच्या गोठ्याला आहे. ज्या चौकटीतून आत यायला त्यांच्या वडिलांना विटाळ होत होता, तिच्यातून त्यांची म्हैस ये-जा करते. त्यांनी कौतुकानं नेऊन दाखवली. "मजबूत हाय, अजून शंभर वर्सं जाती," म्हणाले. मी छान आहे म्हटलं.

घर तुझ्या नावावर होतं. आबांनीच केलं, सरकारी नोकरीतला एकटा तूच म्हणून. कायद्यानं तुझं होतं, तू विकलंस, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. तुला गरज पडली असेल. विकीचं शिक्षण असेल, इंदापूरचा स्लॅब असेल, वहिनीचं काही असेल. सांगितलं असतंस तर आई दोन दिवस रडली असती, चार दिवस जेवली नसती, आणि पाचव्या दिवशी म्हणाली असती, रवीच्या कामाला आलं ना, मग झालं. तू तिला ओळखत नाहीस का? पण तुला ते दोन दिवस नको होते. म्हणून तू पाण्यावर ढकललंस सगळं. घर नाही हे सांगायला लागू नये म्हणून जोतंच बुडवून टाकलंस. धरणानं एकदा बुडवलं, ते तरी सांगून, दवंडी पिटवून. तू न सांगता बुडवलंस, तेही जे उघड्यावर उन्हात तापत पडलं होतं ते. यालाच केसानं गळा कापणं म्हणतात, दुसरं काय?

हिंदुरावांच्या बांधावरून मी खाली उतरले. सरकारी हद्दीत कुंपण नाही, जाता येतं. गाळाला भेगा पडल्यात, शिंपल्या पायाखाली कराकरा मोडतात, तोच तो वास. वस्तीतली पंधरा-वीस जोती वर आलीत. आपल्या जोत्यावर राख होती. ताजं सारवण होतं. मी म्हटलं, हे कुणी केलं? तर पलीकडून भागूबाई उठली. म्हातारी केवढीशी झालीय. मला मिठी मारली आणि पहिला प्रश्न काय विचारला माहितीय? "जित्ती हाय का गं ताईबाई?" तू त्यांना सांगितलंस की आई अंथरुणाला खिळलीय, कुणाला ओळखत नाही. इकडे आईला सांगितलंस जोतं पाण्यात आहे, तिकडे जोत्याला सांगितलंस आई गेल्यात जमा आहे. वा रे वा! दोन्हीकडची वाट बंद. भागूबाई तिन्ही वर्षं स्वतःची चूल झाल्यावर आपल्या जोत्यावर येऊन एक भाकरी भाजत होती. "तुमची चूल बंद कशी ठिवायची गं," म्हणाली.

आणि तिनं अजून एक सांगितलं. तू येतोस म्हणे. दर साली, एकटा, ऑफिसची जीप वर थांबवून. उभ्या उभ्या. भागूबाई बस म्हणाली तर बसत नाहीस, भाकरी दिली तर घेत नाहीस, दारातून आतसुद्धा येत नाहीस. थोडा वेळ उभा राहतोस आणि जातोस. हे ऐकून मला तुझी दया यायला हवी होती. खरं सांगते, नाही आली. उलट अंगाचा असा तिळपापड झाला की मी तिथंच जोत्यावर बसून भागूबाईसमोर तुला नको नको ते बोलले. म्हणजे तुला कळत होतं सगळं! जोतं कुठं आहे, कधी लागलं, आईचं तिथं काय आहे. तुला स्वतःला गेल्याशिवाय राहवत नव्हतं. तू जाऊन बघून यायचास आणि मग इंदापूरला येऊन तिला फोन करायचास की पाणी उतरलं नाही. कसं रे जमलं तुला? पायाला गाळ तरी वाळला होता का तेव्हा?

मी घरी आले तेव्हा आईनं विचारलं, शिबिर कसं झालं. म्हटलं, गर्दी होती. मग म्हणाली, "भिगवनला गेली व्हतीस, पानी दिसलं आसंल की रस्त्यावरनं." मी म्हटलं दिसलं. "लई हाय का गं?" मी उठून भांडी घासायला गेले. ती पाठीमागून म्हणाली, "आसूंदे. रवी बघतोय न्हवं." इथं गल्लीत ती सगळ्यांना सांगते, माझा ल्योक पाण्याचा सायेब हाय. नळाला पाणी आलं नाही तर बायका गमतीनं तिला म्हणतात, ताईबाई, लेकाला सांगा की. आणि ती खरंच म्हणते, सांगते.

आठवडाभर मी विचार केला. आईला सांगावं तर माझी जीभ रेटत नाही. आणि का सांगावं मी? लपवलंस तू. तुला फोन करून शिव्या घालाव्यात तर तू गप्प बसणार, मग "बघतो, करतो" म्हणणार, आणि आठ दिवसांत मृग लागेल, पाणी चढेल, आणि त्या वेळी तुझा निरोप अगदी खरा असेल. पुढच्या साली जोतं लागलं तरी तिला ते दिसायचं नाही. म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. पाकिटाला तिकीट नाही, बघितलं असशीलच. उद्या रविवार, तू घरी असतोस. सकाळच्या गाडीनं आमचे हे आईला तुझ्या दारापर्यंत आणून सोडतील आणि आत न येता माघारी फिरतील, मीच तसं बजावलंय. म्हणजे तू हे वाचतोयस तेव्हा ती तुझ्या समोर बसलीय, आणि पत्र तिनंच तुझ्या हातात दिलंय. मी तिला एवढंच सांगितलं की पाणी उतरलंय आणि रवीनं बोलावलंय. ऐकून ती रात्रभर झोपली नाही. तिच्या पिशवीत ज्वारीचं पीठ आहे, तवा मी ठेवू देत नव्हते, तरी तिनं लुगड्यात गुंडाळून घेतलाच. तिला गाळातून लांबवर चालवायला नको म्हणून सोमवारी सकाळी अय्युबभाई काठाला होडी घेऊन थांबतील, मी त्यांच्याशी बोललेय. पण माळावरून खाली उतरताना ती घर शोधणार, चावी मागणार. त्याच्या आधी तिला कळायला हवं, आणि ते तुझ्याच तोंडून. तिला अक्षर ओळखता येत नाही. एव्हाना तिनं दोनदा विचारलंही असेल, "अक्कानं काय लिव्हलंय रं, वाच की मोठ्यानं." तू हे जसंच्या तसं वाचू शकतोस. किंवा, अक्का बरी आहे, ऊन फार आहे, तेजश्रीचा निकाल लागायचाय, एवढं वाचून कागद खिशात घालू शकतोस. तू जे वाचशील ते तिला खरं वाटेल. ती बघ, वाट बघतेय. वाच.

तुझीच,
अक्का